पाटीवरची चमचाभर माडी

आमच्या देवळात भटजी तीर्थ द्यायला लागले की माणसे मुकाट्याने हात पुढे करतात. वासूअण्णाही करायचे, पण आधी विचारायचे, "भटजीनू, आत काय आसा?"

"पाणी, तुळस, कापूर," भटजी दात आवळून सांगत.

"आणि तांब्यो कधी घासलेलो?"

एवढे कळले की वासूअण्णा डोळे मिटून तीर्थ घेत आणि ओला हात डोक्यावरून भक्तिभावाने फिरवत. श्रद्धा कमी नव्हती. आत काय आहे ते आधी सांगा, मग विष दिलेत तरी माझे मी बघतो, असा त्यांचा खाक्या होता.

मी तेव्हा शिरोड्याला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. दवाखान्याच्या समोरच वासूअण्णांचा सोडावॉटरचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, हाताने फिरवायचे एक यंत्र, गोळीच्या बाटल्यांची खोकी आणि दारात एक बाक. आमच्याकडे खोकला, पोटदुखी आणि अंगदुखी या तिन्हींवर मिळून एकच लाल मिक्श्चर होते आणि त्यातला मुख्य गुण त्याच्या रंगात होता. त्यामुळे वासूअण्णांना खोकला झाला की पंचाईत माझी व्हायची. बाटली उन्हात धरून ते विचारायचे, "ह्या लाल कशान झाला?" तेही अशा खणखणीत आवाजात, की बाहेर बसलेले दोन-तीन रोगी बरे होऊन घरी जायचे.

राज्यात दारूबंदी होती आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की पोर्तुगीजांचे गोवे. त्यामुळे आमच्या गावात दारू नाही असे फक्त सरकारला वाटत असे. एकदा कुणीतरी पलीकडून आलेली बियरची बाटली कौतुकाने वासूअण्णांना दाखवली. वरच्या कागदावर एका पायावर उभा असलेला झोकदार बगळा. वासूअण्णांनी बाटली चारी बाजूंनी फिरवून पाहिली.

"बगळो बघलंय. आत काय आसा?"

"बियर."

"ता नाव झाला. आत काय आसा?"

"अण्णा, विलायती आसा."

"ता गाव झाला! आत काय घातल्यानी? बगळो उकडून घातलो?"

बाटलीचा मालक बिचारा बाटली धोतरात गुंडाळून निघून गेला. वासूअण्णा त्याच्या पाठीवर ओरडले, "सांगूक लाज वाटता, असा काय घालतत रे?"

नुसती टीका करून गप्प बसणारा हा गृहस्थ नव्हता. त्यांनी स्वतःच बियर करायला घेतली. कारण घरातच होते. त्यांचे थोरले भाऊ बाळादादा एकेकाळी गलबतावर तांडेल होते. एका शिमग्याला ते काहीतरी भलतेच प्याले आणि त्यांचे डोळे गेले, एवढे गावाला ठाऊक. डोळे गेले, पण तहान गेली नाही. तिन्हीसांजा झाल्या की दादा काठी टेकत माडांतल्या दारूभट्टीच्या वाटेला लागायचे आणि वासूअण्णा मागून धावत जाऊन त्यांना हाताला धरून परत आणायचे. रोज. मग वासूअण्णांनी हट्टच धरला. दादाला प्यायला हवे ना, मग पिऊ दे. पण आत काय जाईल ते मी ठरवीन.

तो सबंध पावसाळा आमच्या समोर लढाई चालली होती. आल्याचा रस, गूळ, लिंबू घालून बाटल्या मुरत ठेवायच्या. काही नुसत्या गोड राहायच्या, काही फुटायच्या. एक बूच उडून आमच्या दवाखान्यात आले आणि डॉक्टरांच्या टेबलावर पडले. शेवटी तांदळाच्या सांदणांचे पीठ फुगवायला माडीचा शिपका देतात, तशी माडावरून उतरवलेली चमचाभर ताजी माडी घालून पाहिली आणि बियर जमली. तिखटगोड, फेसाळ, नाकात झणझणणारी. नशा म्हणाल तर ताकाएवढी. पण दादांनी पेला रिकामा केला, मिशी पुसली आणि त्या दिवशी काठीला हात लावला नाही. हळूहळू सगळा बाजार दादांच्या शेजारी बाकावर बसून पेले रिकामे करू लागला.

वासूअण्णांनी लगेच दारात पाटी लावली. शाळेतला काळा फळा, त्यावर खडूने टपोरे अक्षर: 'आल्याची बियर. आत काय: परड्यातल्या विहिरीचे पाणी, उकळून गाळलेले. सावंतवाडीच्या बाजारातले आले. गूळ, खडे काढून. लिंबू. माडी चमचाभर, फुगण्यापुरती. दुसरे काहीही नाही.'

पाटी लावली ते ठीक, पण रोज दिवेलागणीला हा माणूस पाटीसमोर उभा राहून ती मोठ्याने वाचायचा. दुकानात गिऱ्हाईक असो नसो. 'दुसरे काहीही नाही' हे तर आरतीच्या शेवटासारखे चढ्या आवाजात. आम्ही हसायचो. मी तर एकदा पायरीवरून टाळ्याही वाजवल्या होत्या. वाचून झाले की पेला दादांच्या हातात.

असे सुरळीत चालले असताना दारूबंदीचे फौजदार फेरीवर आले. बाकावर बसून त्यांनी दोन पेले घेतले, 'वा' म्हणाले आणि मग त्यांची नजर पाटीवर गेली.

"अहो, हे माडी काय लिहिलंय?"

"चमचाभर. फुगण्यापुरती."

"ते मला कळलं हो. पण हे वाचल्यावर मला खटला भरावा लागेल."

"मगे भरा."

फौजदार भला माणूस होता. त्याने आवाज खाली आणला. "असं करा, तेवढा एक शब्द पुसून टाका. बियर चालू द्या. मी आज काही वाचलं नाही. सोमवारी येईन, तेव्हा तो शब्द तिथे नको."

मग काय, सगळा बाजार वासूअण्णांच्या मागे लागला. कापडवाला, किराणेवाला, भटजीसुद्धा. मी म्हटले, "अण्णा, एकच शब्द. बाकी सगळं खरंच राहतंय ना?"

"एक लपयलो तर बाकीच्यांका कोण मानतलो? आत आसा ता भायर व्हया."

"मग बियर बंद करा!" मी चिडून म्हटले.

 ते बाकावर बसलेल्या दादांकडे बघत राहिले. शब्द पुसवत नव्हता आणि बियर बंद केली तर दादांची काठी पुन्हा भट्टीची वाट धरणार होती. इतका अडलेला माणूस मी पाहिला नव्हता आणि इतका आडमुठाही.

रविवारी दुपारी वासूअण्णा जेवून आडवे झाले तेव्हा मी ठरवले, आपणच पुसून टाकू. ओला फडका घेऊन रस्ता ओलांडला. दादा बाकावर होते.

"कोण ता?"

"मी, कंपाउंडर."

"हातातला पाणी कित्याक गळता?"

या माणसापुढे खोटे बोलवेना. "दादा, तुमच्यासाठीच. एक शब्द पुसला की सगळं मिटतं."

"ऱ्हवांदे." दादांनी चाचपडत माझे मनगट धरले. तांडेलाची पकड ती, वय झाले तरी सैल झाली नव्हती. "ती शिमग्याची बाटली वासून आणलेली. वर बरा चित्र होता. दादाक आवडता म्हणान हौशेन हाडल्यान. आत काय आसा, ता तेना इचारूक नाय."

दादांनी मनगट सोडले नाही.

"आमी दोगय तेच्यावर कधी बोलूक नाय. तो रोज पाटी वाचता, ताच तेचा बोलणा. तेतलो शब्द तू पुसू नको."

मी फडका पिळला आणि परत आलो. आपण टाळ्या वाजवल्या होत्या हे आठवून मला स्वतःचा संताप आला.

सोमवारी फौजदार आले तेव्हा वासूअण्णा धुतलेले धोतर नेसून तयार होते. त्यांनी एकेक बाटली बाहेर आणली, बूच काढले आणि त्यांच्यादेखत गटारात ओतली. बाजारभर आल्याचा वास सुटला. मग स्वतःच्या हाताने त्यांनी सगळी पाटी पुसली.

"आता आत कायएक नाय, म्हणान भायर कायएक नाय."

"अहो, एवढं कशाला..." फौजदार पुटपुटले आणि साधा सोडाही न घेता निघून गेले.

दिवेलागण झाली. मी दवाखान्याच्या पायरीवर उभा होतो. दादा उठले, काठी घेतली, दोन पावले रस्त्यावर आले. वासूअण्णा दारात होते, पण आज ते धावले नाहीत. कुठल्या तोंडाने अडवणार? दादा थोडा वेळ भट्टीच्या वाटेकडे तोंड करून थांबले. मग वळले, बाक चाचपला आणि नेहमीच्या जागी बसले.

"वासू, वाच मरे."

वासूअण्णा आत गेले आणि पेला घेऊन आले. कोऱ्या पाटीसमोर उभे राहिले. खाकरले.

"परड्यातल्या बावडेचा पाणी. उकळून गाळलेला." मग त्यांनी हातातल्या पेल्यात पाहिले. "दुसरा... दुसरा कायएक नाय."

आवाज चढला नाही, फुटला. दादांनी पेला दोन्ही हातांनी धरून तळापर्यंत रिकामा केला आणि सावकाश मिशी पुसली.

"बरी जमली हा रे," ते म्हणाले. "उद्या पण हीच कर."