अन्नपूर्णेच्या तांदळातली पुतळी

जुनं सोन्याचं नाणं अस्सल की नक्कल, हे आख्ख्या जोयडा तालुक्यात फक्त मला कळतं. शिकवलं कुणी नाही. दुपारी भांडी घासून झाली की मोबाइलवर बघून शिकले. माझा संग्रहही आहे. एका नाण्याचा.

पण ते एक व्हेनिसचं. उभा संत, त्याच्यापुढं गुडघे टेकलेला राजा. असल्याच नाण्यांना कड्या लावून पूर्वी पुतळ्यांची माळ करायचे. आमच्या आत्तींकडं, म्हणजे सासूबाईंकडं, तशी माळ आहे. पण तिच्यातल्या पुतळ्या गावठी सोनारानं ठोकलेल्या, हे मी लांबूनच ओळखलं होतं.

संग्राहकाचा धर्म एकच. नाणं घासायचं नाही, कडी लावायची नाही. कडी लागली की नाणं संपलं, दागिना झाला. बेळगावच्या नाणेवाल्या मंडळींनी माझं नाणं रविवारी बघायला मागवलं होतं. तोवर कुणाचा हात लागू नये म्हणून मी ते देवघरात, अन्नपूर्णेच्या वाटीतल्या तांदळात पुरलं आणि दोन दिवस माहेरी गेले.

शनिवारी परतले तर दारात चपलांचा ढीग. निम्मं कुंभारवाडा गाव आमच्या पडवीत. मधोमध आत्ती, ठेवणीतलं लुगडं, गळ्यात माळ. आणि माळेच्या ऐन मध्ये चिंचेनं लख्ख घासलेलं, रामनगरच्या सोनाराकडून कडी लावून आणलेलं माझं व्हेनिस.

"सुनयना, देवीनं माझी पुतळी परत दिली गं," आत्ती म्हणाल्या. "भातात पडली, तांदळात गावली. कडी तेवढी मातीनं खाल्ली हुती. हे बघ, राम हुबा हाय, हनुमंत पाया पडतोय."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्तींच्या धाकट्या जाऊबाई केशरकाकी दिसल्या. आत्तींची एक पुतळी तरुणपणी लावणीच्या चिखलात हरवली. तेव्हापासून दर लग्नात, दर बारशात काकींचं एकच पालुपद: "चिखलात कशाला पडतीय? माहेरी पोचवली असंल."

आज काकी खाली मान घालून चहा पीत होत्या.

"तू का गं गप्प?" आत्तींनी विचारलं.

"न्हाई आत्ती. देवीची किमया बघत हुते."

रविवारी नाण्याऐवजी आत्तींनाच घेऊन बेळगावला गेले. तिथले एक जाणकार म्हणाले, "नाणं कुठाय?" मी आत्तींना पुढं केलं. ते भिंग घेऊन वाकले तशा आत्ती पदर आवळून मागं सरकल्या.

"लांबनं बघा."

त्यांनी लांबूनच, पण बराच वेळ बघितलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वहिनी, बाकीच्या सगळ्या अस्सल व्हेनिसच्या. मधली तेवढी नक्कल."

आत्तींकडं वळले तर त्या वाटच बघत होत्या. "काय म्हनला त्यो?"

"म्हनला, मधल्या पुतळीसारखी माळंत दुसरी न्हाई."

"हे केशरम्होरं सांगशील?"

सांगितलं. कुणीही शंका घेतली नाही. नाण्यातलं कळणारी तालुक्यात मी एकटीच ना.