सासऱ्यांचा काळा टोमॅटो

बियाण्यांच्या बाबतीत घड्याळजींना कुणी शिकवायला जाऊ नये! सासऱ्यांच्या पेटीतून बियाण्यांचा जुना कॅटलॉग हाती लागला आणि त्यांच्या डोक्यात खूळच शिरलं. त्यातलं हातानं रंगवलेलं एकेक चित्र त्यांना तोंडपाठ. त्यातही तो काळसर, पाकळ्या पाडल्यासारखा टोमॅटो! बायकोच्या लहानपणी तो तिच्या परसात व्हायचा आणि "बाबांच्या टोमॅटोची चव पुन्हा नाही मिळाली" हे ती दर जेवणाला ऐकवायची. घड्याळजींनी सतरा ठिकाणी चौकशी करून एका म्हाताऱ्या माळ्याकडून एक फळ मिळवलं. शेवटचंच! बायकोला एकदम झाडच दाखवायचं, असा बेत.

टोमॅटोचं बी धरायचं तर गर चांगला आंबवावा लागतो. गराचा पेला ओट्याखाली लपला. वास मात्र लपेना.

"अहो, घरात उंदीर मेलाय!"

"हो? मला नाही बुवा येत वास," घड्याळजी श्वास रोखून म्हणाले.

कपाटं सरकली, गाद्या गच्चीवर गेल्या, शेवटी प्लंबर आला. बॅटरी घेऊन घड्याळजीही तो नसलेला उंदीर मन लावून शोधत होते. प्लंबरनं सिंकचा पाइप सोडवला, खाली बादली लावली, तेवढ्यात बायकोच्या हाती पेला लागला.

"शी! हे काय कुजवलंय?" आणि पेला सिंकमध्ये रिकामा!

"अगं, तुझे बाबा गेले ना त्यात!" घड्याळजी किंचाळले.

प्लंबरच्या हातून पाना गळाला. मग सगळी हकीकत बाहेर आली. बायकोनं डोळे पुसले आणि बादलीपाशी बसकण मारून ती म्हणाली, "तुमचं भिंग आणा. चिमटाही आणा."

दोघं त्या घाणीतून एकेक बी वेचू लागली.

"काकू, हे बघा आणखी एक!" प्लंबरलाही राहवेना.

बिया पेरल्या. उगवल्या त्या मिरच्या, एक वांगं, आणि एकच टोमॅटो! सिंकमध्ये काय कमी बिया जातात? घड्याळजींचा जीव टांगणीला लागला. यथावकाश फळ पिकलं. गोल, गुळगुळीत, लालभडक! बाजारात ढिगानं मिळतं तसलं. बिचाऱ्यांना रडूच यायचं बाकी होतं.

बायकोनं फोड तोंडात टाकली. तिचे डोळे भरून आले.

"अगदी बाबांच्या परसातला हो!"

घड्याळजींनी दुसरी फोड तिच्या पुढ्यात सरकवली.

"रंग तेवढा उतरलाय," ते म्हणाले. "सिंकमध्ये धुतला गेला ना!"