कॉम्प्युटरच्या पोटातल्या कॉम्प्युटरला इंटरनेट

पुढे जे सांगतोय ते अक्षरशः खरं आहे. एकवीरा आईची शपथ! (आईचा कोप नको, म्हणून लगेच दुरुस्ती करतो : बरंचसं खरं आहे.) साल अठ्ठ्याण्णव. नाही, नव्याण्णव. बघा, सुरुवातीलाच एक वर्ष खोटं बोललो, पण ते कबूल केलंय म्हणजे माणूस प्रामाणिक आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी परशुराम. कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क आणि आमच्या कोळी समाजाच्या वधुवर मंडळाचा मानद सचिव. (मानद म्हणजे चहासुद्धा घरचा.) मंडळाची चारशे मुलंमुली एका जुन्या कॉम्प्युटरात राहायची. त्यात विंडोज तीन पॉइंट एक आणि तिच्यावर चालणारं एक मराठी टायपिंग. तो कॉम्प्युटर गणपतीत वारला. नवीन घेतला, तर त्याच्या नव्या विंडोजला ते मराठी ओळखेना.

तेव्हा आमच्या ऑफिसातल्या चांगदेवनं चमत्कार केला. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात त्यानं एक खोटा कॉम्प्युटर बसवला आणि त्या खोट्यात जुनी विंडोज टाकली. स्क्रीनवर एक चौकोन उघडायचा आणि त्या चौकोनात आमचं जुनं बिऱ्हाड जसंच्या तसं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. आमच्या कोपरीच्या बिल्डिंगमध्ये टीव्हीनंतर एवढी गर्दी त्यालाच झाली.

आता मुद्दा. माझी मेहुणी वासंती आमच्याकडेच राहायची. मंडळाच्याच यादीतला मधु, बोटीवरचा इलेक्ट्रिशियन, तिच्या मनात भरलेला आणि त्याचा होकार यायचा होता. सासरेबुवा भिवाजी कळव्याहून येऊन बजावून गेलेले : "परशुराम, आयतवारी सांजचे सा वाजंपरत आमी थांबू. नाय तं डोंबिवलीच्या बँकवाल्याला हो सांगून टाकू. बोटीवाल्याचा काय भरवसा, आज हाय नी उद्या आफ्रिकेला."

वासंतीनं ऐकलं आणि पानातले बोंबील तसेच टाकून उठली. यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा.

शनिवारी मधुची ईमेल आली. पत्ता माझा, कारण ईमेल असलेला समाजातला मी एकटाच. पण पठ्ठ्यानं पत्र त्याच जुन्या मराठीत टाइप केलेलं. (बोटीवर जाण्याआधी मंडळाचे अर्ज तोच टाइप करायचा.) नव्या विंडोजमध्ये उघडलं तर काय? डॉलर, टक्के आणि टोप्या घातलेले इंग्रजी ए. डोक्यावरची एकच ओळ धड इंग्रजीत होती : वासंती, अर्जंट.

रविवारी सकाळी चांगदेव आला. पत्र बघून म्हणाला, "सोप्पं आहे. फ्लॉपीवर घ्या, फ्लॉपी आतल्या कॉम्प्युटरला दाखवा. दोन मिनिटं."

इथेच मी तो छोटासा निर्णय घेतला.

"फ्लॉपी?" मी म्हणालो. "उद्या समाजातली पन्नास मुलं पत्रं पाठवतील. मी काय फ्लॉप्या नाचवत बसू? आतल्यालाच इंटरनेट देऊन टाकू."

"अहो, मोडेम एकच आहे. बाहेरच्यानं सोडला तर आतल्याला मिळणार. आणि ती जुनी विंडोज, तिला इंटरनेट म्हणजे काय ते माहीत नाही."

"आमच्या सासऱ्यांनाही माहीत नाही. शिकतील."

चांगदेवनं माझ्याकडे बघितलं, चपला घातल्या आणि निघून गेला.

मी बाहेरच्याकडून मोडेम काढून आतल्याला दिला. फोन लावणारा एक प्रोग्राम मासिकाबरोबरच्या फुकट सीडीवर मिळालेला, तो आत चढवला. त्यानं एक फॉर्म समोर धरला. फॉर्म! वीस वर्षं दुसरं केलंय काय आयुष्यात? नाव : परशुराम. पासवर्ड : मंजुळा. (बायको मागे उभी होती.) फोन नंबर : टाकला. ओके.

मोडेम किंचाळलाच नाही. नुसता टूं टूं टूं. बिझी.

पुन्हा. बिझी. दहा वाजले, अकरा वाजले. दर दोन मिनिटांनी मी डायल करतोय आणि इंटरनेटवाल्यांची लाइन बिझी.

"अख्खं ठाणं बसलंय वाटतं इंटरनेटवर," मी म्हणालो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बिल्डिंगमध्ये फोन आमचा एकट्याचा. अकरा बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर, रेशनकार्डांवर, नोकरीच्या अर्जांवर आमचा नंबर आणि पुढे कंसात पीपी. त्यामुळे तळमजल्याच्या आवडाबाई तिसऱ्यांदा वर आल्या.

"परशुराम, माजे पोरीचा फोन येवाचा हाय रं. दिस भरलंन तिचं."

"पाच मिनिटं, मावशी. इंटरनेट येतंय."

"कवा येनार? तिचा पोरगा आदी येल!"

बारा वाजता मंजुळा पोळपाट सोडून आली, स्क्रीनकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "अहो, हा नंबर कुणाचा टाकलाय?"

"कुणाचा म्हणजे? फॉर्मवर फोन नंबर विचारलाय."

"हा आपला आहे."

"मग? फॉर्मवर आपलाच टाकतात!"

"तो इंटरनेटवाल्यांचा विचारतोय. सकाळपासून तुम्ही आपल्याच घरी फोन लावताय."

वाचकहो, आपला फोन आपल्यालाच बिझी लागतो, हे शास्त्र मी त्या दिवशी सव्वादोन तास प्रयोग करून सिद्ध केलं.

योग्य नंबर टाकला. मोडेम किंचाळला! काय गोड वाटला तो आवाज! चौकोनातल्या जुन्या विंडोजनं पाचसहा ओळी लिहिल्या, बाण फिरायला लागला आणि तेवढ्यात खाडकन सगळं थांबलं. वळून बघतो तर आवडाबाईंनी रिसीव्हर उचललेला.

"अगं बाय बाय! ह्यात कोन बोंबलतंय? माजी पोर हाय काय गो?"

त्यांना समजावलं, खुर्चीवर बसवलं, हातात बशीभर शेव दिली. पुन्हा डायल. कधी लाइन तुटली, कधी जुनी विंडोज गपकन मेली आणि मी तिला पुन्हा जिवंत केली. तीन वाजले, साडेचार वाजले. वासंती कुठे दिसेना. बिचारी देवळात बसली असणार, असं वाटून मला भरून आलं. तिचा संसार माझ्या एका क्लिकवर उभा होता. मी जेवलो नाही. (मंजुळा म्हणते दोनदा जेवलो.)

पाच वाजून वीस मिनिटांनी ते घडलं. खोट्या कॉम्प्युटरातल्या म्हाताऱ्या विंडोजला खरं इंटरनेट लागलं! मी ओरडलो. आवडाबाईंच्या हातची शेव सांडली. मी पत्रपेटी उघडली.

आत : नवीन पत्र नाही.

कसं असेल? शनिवारी बाहेरच्या कॉम्प्युटरनं ते उतरवून घेतलेलं. पोस्टमननं एकदा दिलेलं पत्र पुन्हा कशाला आणून द्यायचं?

घड्याळात पावणेसहा आणि दारात भिवाजी. हातात पुडा.

"मामा, अजून पंधरा मिनिटं आहेत..." मी रडवेला होऊन म्हणालो.

"कशाला? पेढे आनलेत. घे. दुपारीच जमला सगला."

मागून वासंती आली, कानापर्यंत हसत. सकाळी ती देवळात नव्हे, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलेली. मधुच्या अर्जावर त्याच्या कोचीनच्या एजंटचा नंबर होता, तो फिरवला. मधु तिथेच बसलेला. अर्धा तास बोलले, तारीखसुद्धा ठरवली, मग ती कळव्याला जाऊन बापाला सांगून आली.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"फोन केला होता ना, भावोजी. सहा वेळा. बिझी!"

सगळे हसले. आवडाबाई सगळ्यांत जास्त. (मुलगा झाला. ती बातमी जावई स्वतः येऊन सांगून गेला.)

रात्री निजानीज झाल्यावर मी गुपचूप पत्र फ्लॉपीवर घेतलं आणि आतल्या कॉम्प्युटरला दाखवलं. दोन मिनिटं लागली. मराठी अक्षरं टपोरी उमटली :

"परशुरामभाऊ, रविवारी बोट बंदरात आहे. सकाळी अकरा वाजता वासंतीला फोन करतो. एकच विनंती. कृपा करून त्या वेळी तुमचा फोन मोकळा ठेवा."

आता यात बनवलेलं काय, ते सांगून टाकतो. चांगदेव नावाचा कुणी माणूसच नाही. वासंती डोंबिवलीच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकवायची. तो चमत्कार तिचा, फ्लॉपीचा सल्ला तिचा आणि सकाळी माझ्याकडे बघून चपला घालून निघून गेली तीसुद्धा तीच. मेहुणीनं सांगितलेलं मी ऐकलं नाही, हे छापायला जड जात होतं, म्हणून मधे एक पुरुष घातला.