मन्मथअप्पांचा दमलेला कॉम्प्युटर

मन्मथअप्पा कॉम्प्युटरवर एकदा उघडलेलं पान कधी बंद करत नाहीत. का, तर "पंगतीत बसलेल्याला उठवायचं नसतंय."

लातुरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. आडतीचं दुकान मुलावर सोपवल्यापासून ते आणि त्यांचा कॉम्प्युटर. बटण दाबावं, चहा पिऊन यावं, तेव्हा कुठं अक्षर उमटायचं. "लई दमायलाय," अप्पा मायेनं सांगायचे. मुलाच्या मते मेमरी वाढवायला हवी होती. दुकानदार म्हणे, नवाच घ्या. जावई म्हणे, नुसता साफ करा. अप्पांनी ओल्या फडक्यानं साफही केला. फरक पडेना.

मग मला बोलावणं आलं.

आता सांगूनच टाकतो, मला त्यातलं काही कळत नाही. कचेरीत मी कॉम्प्युटरपुढं बसतो, एवढ्यावर गल्लीनं मला जाणकार ठरवलं आणि मीही नाही म्हटलं नाही. गप्प माणसाला लोक हुशार समजतात. ते मी खुशाल समजू दिलं.

"सायब, तुमीच सांगा. ह्याला मेमरी लागतीय का न्हाई?"

"बघावं लागेल," मी म्हणालो. माझं हे नेहमीचं उत्तर.

पडद्यावर पानांची ही गर्दी! सगळी हवामानाची. मी पुण्याचं बंद करायला गेलो, तर अप्पांनी हात धरला.

"थांबा! तिथं नातू हाय."

"उदगीर?"

"आक्का हाय की."

"कंधार?"

"लेक दिली न्हवं का तिथं!"

"बरं, औसा तर हाकेवर. तिथं अन् इथं आभाळ एकच. हे तरी काढू?"

अप्पांनी माऊसच काढून घेतला. मला वाटलं, मी भलतंच बटण दाबलं.

"तिथं शिवलिंग हाय," ते म्हणाले.

शिवलिंग म्हणजे धाकटा भाऊ. वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. अप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं. "दुपारून पाऊस दाखवायलंय. त्याचं सोयाबीन कापून रानात पडलंय."

"मग फोन करा की."

"मी? येडे का खुळे? तुमी करा. माझं नाव घिऊ नका."

नंबर मात्र त्यांनी तोंडपाठ सांगितला.

मी लावला. पाऊस येतोय, सोयाबीन झाका, म्हणालो.

"कोण बोलायलंय?"

"मी... शेजारी."

"कुणाचा?"

मी अप्पांकडं पाहिलं. ते जोरजोरात मान हलवत होते, आणि नेमका त्यांना खोकला आला. तो पलीकडं ओळखू गेला.

"त्याला म्हणावं, ताडपत्री टाकलीय," आवाज आला. मग हळूच, "आन् त्याचा गुडघा कसा हाय, इचारा."

मी फोन अप्पांच्या हातात दिला आणि उठलो. दारात मुलगा भेटला. त्याला म्हणालो, "मेमरी वाढवून घे. आहे ती एवढ्या माणसांना पुरत नाही." इतक्या ठामपणे मी जन्मात कुणाला काही सांगितलं नव्हतं.

बरोबर सांगितलं की चूक, कुणास ठाऊक.