पाच स्पीकर आणि एक कान

मुलीचा फोन आला तेव्हा मशीनमन करपलेलं पातेलं घासत होता. छापखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी लोक त्याला मशीनमनच म्हणत. बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत पातेलं करपलं नाही असा दिवस क्वचितच गेला होता.

"बाबा, मागच्या वेळी आले तेव्हा तुम्ही दिवसभर भिंतीकडे बघत बसला होतात. दहा हाका मारल्या, एकीलाही ओ नाही. घर नुसतं खायला उठतं. तुम्ही ती पाच स्पीकरची सिस्टिम घ्या बघू. चारी बाजूंनी आवाज आला की घर भरल्यासारखं वाटतं."

"मला काय करायचंय ते?"

"मग माझ्याकडे चला. घराला कुलूप लावू. हे असं एकटं, मुक्यानं राहणं मला बघवत नाही. पुढच्या महिन्यात येते मी. घरात जरा धुगधुगी दिसली तर ठीक, नाहीतर बॅग भरायची. मामाला सांगितलंय, तो येईल तुमच्याबरोबर दुकानात."

हाकेला ओ मिळाली नाही याचं कारण मुलीने दुःख धरलं होतं. खरं कारण साधं होतं. ती उजवीकडून हाक मारत होती.

मशीनमनचा उजवा कान छापखान्याने केव्हाच खाल्ला होता. कान गेलेला मशीनमन म्हणजे गेटबाहेरचा मशीनमन, म्हणून त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. मशीनवर तळवा ठेवला की तिचं काय बिनसलंय ते त्याला कळे. बाकी सगळं बायकोने सांभाळलं. ती कायम त्याच्या डावीकडून चालायची. उजवीकडून कुणी काही विचारलं तर ती आपल्या बोलण्यात तो प्रश्न घालून द्यायची. "चहा घेणार का विचारताय? घेतील की." आवाज एकाच कानाने येतो तेव्हा तो येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. ते काम बायकोकडे होतं.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात ती शेजारी नव्हती. ती आत होती, यंत्राला जोडलेली. तो बाहेर भिंतीकडे बघत उभा होता. डॉक्टर त्याच्या उजवीकडे येऊन हळू आवाजात काहीतरी म्हणाले. त्याने सवयीने मान हलवली आणि "हो" म्हणाला. तासाभराने ती गेली. आपण कशाला हो म्हणालो, हे त्याला कळलं नव्हतं. कुणाला विचारायचं तर कानाचं सांगावं लागलं असतं. भिंतीकडे बघत तो दिवसभर तेवढाच एक विचार करत असे.

तिच्या सामानाच्या पिशवीतून एक कोरी छत्री घरी आली होती. पुरुषी, लाकडी मुठीची. आपल्यासाठी घेतली असेल, द्यायची राहून गेली असेल, असं त्याने मानलं. तेव्हापासून पाऊस असो नसो, तो छत्री घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एकटा जीव सदाशिव. घरोघर विजेच्या मीटरचे आकडे टिपायची नोकरी, भाड्याची एक खोली आणि जगातल्या प्रत्येक विषयावर मत. दुकानात शिरतानाच तो म्हणाला, "भाऊजी, एकच स्पीकर घेऊ. साधा. पाचांची काही गरज नाही."

"ती आल्यावर पाच मोजेल," मशीनमन म्हणाला.

दुकानदाराने त्यांना काळोख्या खोलीत कोचावर बसवलं आणि पडद्यावर हेलिकॉप्टर सोडलं.

"काका, कुठून आलं?"

मशीनमनने हळूच मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याचे डोळे मागच्या डाव्या कोपऱ्याकडे गेले होते.

"मागून. डावीकडून."

"वा! आता?"

मेहुण्याचे डोळे सरकत सरकत समोर आले.

"डोक्यावरून पुढे गेलं."

"आणि ही गोळी?"

मेहुण्याने मानच उजवीकडे फिरवली. मशीनमनने उत्तर दिलं. दुकानदाराने आवाज बंद केला आणि हात जोडले.

"काका, वीस वर्षं धंद्यात आहे, असा कान पाहिला नाही. आमचेच लोक गोळीला गडबडतात. तुम्हाला छोटी सिस्टिम देणं म्हणजे पाप आहे. मोठीच घ्या."

"अहो, छोटी चालेल आम्हाला," मेहुणा म्हणाला.

"तुम्हाला चालेल हो. त्यांच्या कानाचा तरी विचार करा!"

मोठी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा वायरमन आला. मिशा पिकलेल्या, कमरेला पक्कड. त्याने पाच जागी पाच खोकी मांडली, पाच काळ्या वायरी सतरंजीखालून नेल्या आणि कपाटामागे डोकं घातल्यावर त्याच्या लक्षात आलं की कुठली वायर कुठली, हे त्यालाच कळत नाही.

"हरकत नाही," तो कपाटामागूनच म्हणाला. "मालकांनी सांगितलंय, काका हेच मोजमाप. खुर्चीत बसा, डोळे मिटा. मी एकेक वाजवतो, कुठून येतो ते सांगा."

"डोळे कशाला मिटायचे?"

"उघड्या डोळ्यांनी माणूस फसतो."

मेहुणा कामावर गेला होता. मशीनमनने डोळे मिटले. आवाज आला तो डावीकडून. दुसराही डावीकडून, तिसराही. पाचही स्पीकर डावीकडे कसे असतील? तेव्हा त्याने छापखान्यातली युक्ती केली. चार रंगांची छपाई असली की रंग ठरलेल्या क्रमाने चढतात, एकदा क्रम लावला की मोडायचा नाही. त्याने मनात क्रम लावला आणि ठासून सांगितलं, "मागे उजवीकडे. समोर डावीकडे. मागे डावीकडे. समोर उजवीकडे. मधोमध."

वायरमनने त्याप्रमाणे वायरी खोचल्या. "खात्री करू. पुन्हा सांगा."

मशीनमनने पुन्हा तोच क्रम म्हटला. या वेळी सगळं तंतोतंत जुळलं. वायरमनने कपाटामागून डोकं बाहेर काढलं आणि पक्कड कमरेला खोचून नमस्कार केला.

"मशीन चुकेल काका. तुमचा कान नाही चुकायचा."

पुढचे पंधरा दिवस टीव्हीवरचा बातम्या देणारा समोर ओठ हलवत होता आणि बोलत होता मागून, चपलांच्या स्टँडजवळून. मशीनमनची काहीच तक्रार नव्हती. मेहुणा पहिल्या संध्याकाळी आला, दोन मिनिटं ऐकलं, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"कसं वाटतंय?" मशीनमनने विचारलं.

"झकास," मेहुणा म्हणाला.

मुलगी रविवारी आली. तिने पाच मोजले, खूश झाली, सिनेमा लावला. पडद्यावर एका बाईने कुणाला तरी जेवायला हाक मारली. आवाज मागून आला, स्वयंपाकघराच्या दारातून. मुलगी झटकन वळली. अर्धी उठली. दारात कुणीच नव्हतं. ती पुन्हा बसली.

मग तिने आवाज बंद केला. "बाबा, हे सगळं भलतीकडेच लागलंय. पंधरा दिवसांत तुम्हाला कळलं नाही?"

मशीनमनने छत्रीकडे पाहिलं. ती खुंटीला होती. त्याच्या डोळ्यांसमोर दाराला लावलेलं कुलूप आलं.

"त्यांना कसं कळेल?" मेहुणा मध्येच म्हणाला. "मी लावून घेतलंय ते. मी सांगितलं म्हणून ते गप्प बसले. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही."

"मामा! कधीपासून?"

"झाली की वीसेक वर्षं. डावीकडून बोललं की येतं. उजवीकडून कुणी बोललं की आपली मान हलवतो झालं. हो म्हटलं की माणूस पुढचं काही विचारत नाही."

मशीनमन त्याच्याकडे बघतच राहिला. एकेक शब्द ओळखीचा होता.

"उद्याच्या उद्या कानाच्या डॉक्टरकडे," मुलगी म्हणाली. ती आईवर गेली होती, ठरलं म्हणजे ठरलं.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीवर फॉर्म भरत होती. हे दोघे बाकावर. मेहुणा डावीकडे, मशीनमन मांडीवर छत्री आडवी घेऊन.

"तुला कधी कळलं?"

"तुमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ताईनं सांगितलं. म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस तुला कळलंय म्हणून."

"आणि दुकानात?"

"डोळे दुखले माझे दोन दिवस."

मशीनमन बराच वेळ छत्रीची मूठ चोळत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी तू होतास तिथं. डॉक्टर मला काहीतरी म्हणाले. मी हो म्हणालो."

"हं."

"कशाला हो म्हणालो मी?"

मेहुणा अवघडला. "जाऊ द्या ना भाऊजी."

"सांग. नऊ महिने झोप नाही मला."

"बाकावर छत्री पडली होती. डॉक्टरांना बसायचं होतं. त्यांनी विचारलं, ही तुमची का?"

"एवढंच?"

"एवढंच. तुम्ही हो म्हणालात, मग नर्सनं ती ताईच्या पिशवीत घातली. आता अशा वेळी मी काय बोलणार? बारा नंबरच्या पेशंटचा मुलगा नंतर सगळीकडे शोधत फिरत होता."

मशीनमनने मांडीवरच्या छत्रीकडे पाहिलं. नऊ महिने त्याने ती हातातून सोडली नव्हती. हसावं की रडावं ते त्याला कळेना, आणि दोन्ही एकदम झालं. समोरची बाई उठून लांब जाऊन बसली.

मेहुण्याला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. कुठल्या आवाजाला दाबायचं आणि कुठल्याला नाही, हा घोळ नको म्हणून त्याने एकदाही बटण दाबलं नाही. डॉक्टरांनी कागद पाहून मान हलवली. "दोन्ही कान गेलेत. ओठ बघून निभावत असणार. एकटे राहतात? बरं नाही."

बाहेर आल्यावर मुलगी कष्टी झाली होती. तिने वडिलांना जरा बाजूला घेतलं आणि मामाला लागू नये म्हणून त्यांच्या उजव्या कानाशी अगदी कुजबुजली.

मशीनमनने मान हलवली.

दोन हातांवरून मेहुणा म्हणाला, "मामाला घरी ठेवून घ्याल का विचारतेस? घेतील की!"

मुलगी थांबली. दोन्ही कान गेलेल्या माणसाकडे तिने पाहिलं. मग मान हलवणाऱ्या वडिलांकडे पाहिलं. रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या. ती वळसा घालून पलीकडे आली.

"मामा, सरक जरा," ती म्हणाली आणि वडिलांच्या डावीकडून चालू लागली.

चौकापर्यंत तिघं तसेच गेले. मग ती म्हणाली, "बाबा, कुलूप राहू दे. मामाला आजच सामान आणायला सांगा."

"बरं."

"आणि त्या वायरमनला बोलवा. पाचही डावीकडे लावून घ्या."