डोळ्यांचा मणी

पाण्याचा ग्लास हातात दिला की सातपुतेकाका तो आधी खिडकीकडे धरून फिरवतात. पितात मग सवडीने.

इंग्लंडात, लेस्टरला आमच्या शेजारी राहणारे हे निवृत्त भूलतज्ज्ञ. पेशंटना झोपवायचं काम सुटलं, सवय राहिली. आता ते चीनच्या प्राचीन काचेवर बोलतात. मी अकाउंट्समधला माणूस, संध्याकाळी घरी येतो तो दमून. पण काकांना 'आज नको' म्हणायची रीत अजून सापडलेली नाही.

गणपतीत त्यांनी आमच्या फुलदाणीतली फुलं काढून तिचं बूड तपासलं. सुपरमार्केटमधून आणलीय, मी सांगितलं.

"ते झालं दुकान. नक्षी मूळची कुठली?"

हा प्रश्न ते आमच्या कार्पेटला विचारतात, ढोकळ्याला विचारतात. एकदा बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही विचारला. तो जवळच्याच डर्बीचा निघाला.

त्यांचा सगळा जीव एका मण्यात. बोराएवढा, निळा, अंगभर पांढरे डोळे. असे मणी पश्चिमेकडून व्यापाऱ्यांबरोबर चीनला गेले आणि चिनी कारागिरांनी ते शिसं घातलेल्या आपल्या काचेत घडवले, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता परीक्षेलाही बसेन. "नक्षी परकी, काच घरची," असं म्हणून काका थांबतात. तेवढ्यात चहाचं विचारून घ्यायचं. म्युझियममधल्या बाईंनी मणी पाहून तो नवा असावा असं सांगितलं. काकांच्या मते बाईच नवीन होत्या.

लंडनला, हॅरोत मुलाकडे नातू झाला, तेव्हा काकांनी काळ्या मण्यांच्या मनगट्या नेल्या. दृष्ट लागू नये म्हणून एकीत हा मणीही ओवला. सून केट नर्स आहे. दोरा तुटला तर मणी बाळाच्या घशात जाईल, म्हणून तिने त्या हळूच सोडून काकांच्या हातात दिल्या. तिचं बरोबरच होतं, हे मला काकांनीच सांगितलं. जन्मभर लोकांचा श्वास सांभाळला, आणि नातवाच्या हातात हे बांधलं, म्हणाले. त्यानंतर ते हॅरोला गेले नाहीत. केट बोलावते, काका गुडघ्याचं कारण सांगतात. नातू रविवारी टॅबलेटवर दिसतो.

मागच्या रविवारी आवाज येईना म्हणून त्यांनी मला हाक मारली. मी आवाज लावून दिला. टॅबलेटच्या स्टँडला तोच मणी बांधलेला होता. हा इकडे कशाला, मी विचारलं.

काकांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"तिकडे त्याला कोण दृष्ट लावणार? इतकं टक लावून बघणारा मीच एकटा आहे."