तीनशे निळे खडे

अकरा मजली इमारतीच्या गच्चीवरून उकंडराव उडी मारणार, तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, चहाचा कप आणून ठेवला.

"वावरात कवा जाता? सापळ्यातली पाखरं मोजाची हायेत ना?"

"जाऊन राह्यलो ना," असं म्हणत उकंडरावांनी उडी मारलीच. खाली रस्ता दुभंगला, दोन मोटारी उलटल्या, आणि उकंडरावांच्या गुडघ्याला काहीसुद्धा झालं नाही.

खरी गोम त्या गुडघ्यातच होती. चोपन्नाव्या वर्षी घराच्या तीन पायऱ्या उतरताना ते दोनदा देवाचं नाव घेत. मुलगा प्रेम नोकरीला पुण्याला गेला, तेव्हा कॉम्प्युटर घरीच ठेवून गेला. जाताना त्यानं बापाला हा खेळ दाखवला. "बाबा, सारं शहर मोकळं हाय. कुठंबी जा, कोणी आडवत नाई." आडवत नाई! ज्या माणसाला वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून, जातानाही शेजाऱ्याला हाक मारावी लागते, त्याला हे ऐकूनच भरून आलं. खेळातला निळ्या पोशाखातला गडी उडायचा, बस उचलून फेकायचा, भिंतीआड लपलेला दुश्मन त्याला लाल दिसायचा. शिवाय शहरभर गच्च्यांवर तीनशे निळे खडे विखुरलेले. खडा गोळा केला की ताकद वाढायची.

उकंडराव हिशेबी माणूस. तीनशे म्हटल्यावर दोनशे नव्व्याण्णवावर थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

इकडे गावातही मोजणी चालू होती. आदल्या साली गुलाबी बोंडअळीनं अर्धी कपाशी खाल्ली, म्हणून यंदा अकरा शेतकऱ्यांनी गट केला. प्रत्येकाच्या वावरात पाच-पाच कामगंध सापळे टांगले. मादीच्या वासानं नर पतंग येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. रोज सकाळी पिशव्या पाहायच्या, एका सापळ्यामागं किती पतंग पडले तो आकडा मोबाईलवर गटात टाकायचा. गटाची सरासरी तीन दिवस आठाच्या वर गेली की सगळ्यांनी एकदम फवारायचं. अकरा घरांचं सालभराचं पीक त्या एका आकड्यावर टांगलेलं होतं. उकंडरावांचं वावर शिवाराच्या मधोमध, म्हणून आकडा आधी त्यांनी टाकायचा असं ठरलं. मान होता तो.

पोळा झाल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी खरोखर जाऊन मोजले. दोन. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी रस्त्यात चिखल होता आणि नदीपलीकडच्या पुलावर एक खडा चमकताना दिसला होता. उकंडरावांनी खुर्चीतूनच 'तीन' टाकलं. काल तीन होते, आज काय तीस होणार? पाठोपाठ गटप्रमुख शेषरावांचा आकडा आला, दोन. मग शेजारच्या इंद्रभानचा, चार. म्हणजे आपला अंदाज बरोबर! त्यानंतर अंदाज करायला वावरात जाण्याची गरज उरली नाही.

गटात एकच माणूस बेसूर होता. अब्दुल गनी. अडीच एकराचा धनी, साठी ओलांडलेला. पहाटे फजरची नमाज झाली की थेट वावरात जायचा आणि आकडा टाकायचा. आधी नऊ. मग अकरा. मग चौदा.

उकंडरावांनी गटात लिहिलं, "गनीभाई, चष्मा बदला. एकाचे चार दिसून राह्यले तुमाले." खाली हसणारी नऊ तोंडं उमटली. शेषरावांनी निकाल दिला, की गनीभाईंचा आकडा सरासरीत धरायचा नाही, उगाच सगळ्यांच्या फवारणीचा खर्च वाढतो.

गनीभाई सरळ माणूस. टोमणा त्यांना सल्ला वाटला. दुसऱ्याच दिवशी ते संग्रामपूरला जाऊन नव्या चष्म्याचं माप देऊन आले. आठवड्यानं गटात निरोप आला: "नवा चष्मा लावला. आता सतरा दिसते."

गावभर आठ दिवस हा विनोद पुरला. गनीभाईंनी मात्र एकट्यानंच फवारा मारला, अळी शिरून मिटलेल्या डोमकळ्याही तोडून जाळल्या.

उकंडरावांचे खडे दोनशे त्रेसष्टावर गेले. तोवर त्या शहरातल्या उणिवाही त्यांना कळू लागल्या होत्या. एवढं मोठं गाव, पण माणसं फिरून फिरून तीनच वाक्यं बोलत. आगीतून ज्या बाईला वाचवलं, तीच कोपऱ्यावर भेटली तर ओळख द्यायची नाही. घरं देखणी, पण दारं नुसती रंगवलेली. आत जायला जागाच नाही. आज मारलेले गुंड उद्या त्याच चौकात उभे.

"प्रेम, या गावात कोणी कायी पेरत नाई का रे?" त्यांनी फोनवर विचारलं.

"बाबा, गेम हाय तो."

"मंग हे लोकं खातात काय?"

प्रेमला मीटिंग होती.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी तीनशेवा खडा सापडला. उकंडराव खुर्चीत सावरून बसले. पडद्यावर 'अभिनंदन' अशा अर्थाचं काहीतरी आलं आणि त्या गड्याच्या पाठीवर एक जांभळी झूल आली. बस. उकंडरावांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग कोपऱ्यावरच्या बाईकडे झूल दाखवायला गेले. ती म्हणाली, "आज हवा छान आहे."

करायला काही उरलं नाही, म्हणून उकंडराव वावरात गेले.

कपाशी वरून झकास होती. पण सापळ्याच्या पिशव्या बोटभर भरल्या होत्या, जुने पतंग खाली काळे पडलेले, वरचे फडफडत होते. उकंडरावांनी एक हिरवं बोंड फोडलं. आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं. विसाव्या बोंडानंतर ते मातीतच बसले. गुडघे दुखत होते, ते त्यांना कळलंही नाही.

संध्याकाळी शेषरावांच्या ओसरीवर गनीभाई सोडून सारा गट जमला. उकंडरावांचा निरोप वाचून साऱ्यांनीच बोंडं फोडून पाहिली होती, सगळीकडे तीच अळी.

"मी मोजलेच नोयते," उकंडराव खाली मान घालून म्हणाले. "तीन तीन टाकत गेलो. माह्यावर भरोसा ठेवून तुमचंबी बुडालं."

 शिव्या खायची त्यांची तयारी होती. शेषराव खाकरले.

"मीबी नाई गेलो. तुह्या आकड्यातून एक कमी करून टाकत होतो."

"अन् मी एक वाढवून," इंद्रभान म्हणाला.

दहाही जणांचं तेच निघालं. कोणी एक घटवला, कोणी वाढवला, म्हणून सरासरी रोज बरोबर उकंडरावांच्या आकड्यावर येत होती. एकाही माणसानं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

परतताना ते गनीभाईंच्या दारात थांबले. नजमुन्निसाभाभींनी खाट टाकली, पण उकंडराव उभेच राहिले.

"गनीभाई, चष्म्याचं बोललो ते..."

"जाऊ द्या, उकंडभाऊ. चष्मा तं खरंच बदलाचाच होता." गनीभाईंनी खाट त्यांच्याकडे सरकवली. "पण मले सांगाचं होतं. मी पहाटे उठतोच. तुमचेबी मोजून आलो असतो."

उकंडरावांना वर बघवेना. गनीभाई आत गेले आणि दोऱ्यानं बांधलेला जुना चष्मा घेऊन आले.

"हा राहू द्या. याच्यातून चौदापर्यंत तं दिसतेच."

दसऱ्याच्या सकाळी उकंडराव तो चष्मा लावून वावरात गेले. पिशव्या आदल्या दिवशीच रिकाम्या केल्या होत्या. एकेक पतंग काडीनं बाजूला सारत त्यांनी पाचही सापळे मोजले, भागाकार केला आणि गटात टाकलं: एकेचाळीस. जन्मात एवढा खरा आकडा त्यांनी लिहिला नव्हता.

दोन मिनिटांत शेषरावांचा आला, चाळीस. मग इंद्रभानचा, बेचाळीस.

उकंडरावांनी चष्मा पुसून धुऱ्यावरून दोन्ही बाजूंच्या वावरांत पाहिलं. शेषरावांच्या वावरात कोणी नव्हतं. इंद्रभानच्याही नाही.